मागची गाडी

कंडक्टर आत्यांनी नोकरीभर बसमध्ये कुणाला फुकट बसू दिलं नाही आणि तिकीट काढलेल्याला कधी मध्येच उतरवलं नाही. नोकरी संपली तरी आवाज तसाच खणखणीत होता. वरच्या मजल्यावरून हाक मारली की कोपऱ्यावरचा दुकानदार ओ द्यायचा. थकलं होतं ते हृदय. अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे आणि एक दिवस श्वासच अडकायचा.

त्यावर सरकारी पैशांतून एक संशोधन निघालं. आत्यांच्या घरी वजनकाटा आला. सकाळी त्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप इस्पितळात पोचायचा. वजन एकदम वाढलं, की पाणी साठतंय हे ओळखून सिस्टरचा फोन यायचा, "आत्या, लघवीची गोळी वाढवा. आणि काल खारट काय खाल्लंत, खरं सांगा." आत्या थापा मारायच्या, सिस्टर पकडायची. एरवी सारख्या इस्पितळात भरती होणाऱ्या आत्या तिथली कॉट विसरूनही गेल्या.

आणि एका सकाळी तीच सिस्टर रिकामं खोकं घेऊन दारात उभी राहिली. आवाज ओळखीचा, चेहरा पहिल्यांदाच दिसत होता.

"काटा न्यायला आलेय, आत्या. संशोधन संपलं."

"निकाल काय लागला?"

"फार चांगला. माणसं कमी आजारी पडली. पेपरातही आलं."

"मग बंद का?"

सिस्टरनं मान खाली घातली. "पैसे उपाय शोधण्यापुरतेच होते, तो चालवायला नाहीत. माझंही काम आजच संपतंय."

आत्यांचं डोकं सणकलं. उपाय सापडला, म्हणून उपाय बंद! त्या तरातरा जाऊन काट्यावर उभ्या राहिल्या. "ने आता." धाप लागली, तशी खुर्ची ओढून बसल्या, पण दोन्ही पाय काट्यावरच. सिस्टरला हसावं की रडावं कळेना. तिनं संशोधनाच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि आत्यांच्या हातात दिला.

"आजी, जरा समजून घ्या," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही घ्या समजून. आमची गाडी वाटेत बंद पडली, तर कंडक्टर तिकीटवाल्यांना रस्त्यावर टाकून घरी जात नाही. मागून येणारी गाडी थांबवतो, सगळ्यांना तीत बसवून देतो, मगच हलतो. मी रोज तुम्हाला वजन दिलं, ते माझं तिकीट. माझी मागची गाडी कुठाय?"

"ते माझ्या हातात नाही हो."

"फोन आहे ना हातात? उद्यापासून वजन तुम्हालाच सांगते."

सिस्टर रिकामं खोकं घेऊन परत गेली. आत्या मात्र बोलल्याप्रमाणे वागल्या. रोज सकाळी डॉक्टरांच्या ऑफिसात फोन, आणि तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर भेटेल त्या हृदयरुग्णाला तोच धडा, "साधा काटा आणा, वजन बघा, फोन फिरवा." हळूहळू ऑफिसचा फोन सकाळभर बिझी लागू लागला.

एक दिवस आत्यांचं वजन उडी मारून वाढलं. फोन लागेना. पाय बुटात शिरेनात. आता भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. काटा काखेत मारून, चपला फरफटत त्या टॅक्सीनं थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. काटा जमिनीवर ठेवला, त्यावर उभ्या राहिल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "वाचा."

डॉक्टरांनी वाचलं. सुजलेले पायही पाहिले. स्वतः इंजेक्शन दिलं. त्या दिवसापासून ते वरच्या ऑफिसांचे उंबरे झिजवू लागले. 'हा आकडा बघायला कुणीतरी बसवा,' एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुढे एका सकाळी आत्यांनी नंबर फिरवला, तर पहिल्याच रिंगला ओळखीचा आवाज आला. "बोला आत्या, वजन किती?"

आत्या हसल्या. पण हसू ऐकू जाऊ देतील तर त्या आत्या कसल्या!

"आधी तू सांग. किती दिवसांसाठी बसवलंय तुला?"

"सध्या वर्षभर."

"बरं. वर्षानं पुन्हा काटा काखेत मारते. आता घे, वजन लिही."