न पाहिलेली बाग

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा भातकुलीच्या रस्त्यावर ओल्या कडब्याचा वास आला आणि जपानमधली गवती चटयांची ती खोली आठवली. अकोल्याच्या माझ्या चित्रकार मित्राबरोबर मी तिथं गेलो आणि पोचताच तापानं आडवा झालो. परत निघेपर्यंत मी त्या खोलीबाहेर पडलोच नाही. मित्र दिवसभर फिरायचा आणि संध्याकाळी उशाशी बसून पाहिलेलं सांगायचा. एकदा त्यानं एका मंदिराची बाग सांगितली. झाड नाही, पाणी नाही, नुसती दाताळ्यानं विंचरलेली पांढरी खडी आणि चार-दोन दगड. "बाकी रिकामंच सोडलं गड्या, अन् नजर तिथंच जाते," तो म्हणाला. परतल्यावर मीही माझ्या चित्रांत कागद रिकामा सोडू लागलो आणि चित्रं गाजली. अमरावतीच्या प्रदर्शनात कुणीतरी विचारलं, हे सुचलं कुठून? पहाटे त्या बागेत एकटाच बसलो होतो, असं मी सांगून टाकलं. मित्र पहिल्याच रांगेत होता. नंतर चहा घेत तो म्हणाला, "तुह्या तोंडून लय मस्त दिसली बाग. मले तं एवढी दिसलीच नव्हती." त्यानंतर प्रत्येक मुलाखतीत मला त्याच बागेत जाऊन बसावं लागलं. कागद रंगानं भरावासा वाटला, तरी हात आवरावा लागला. गेल्या महिन्यात मित्र वारला. अंगणात ठेवलेल्या त्याच्या देहाच्या पायाशी मी उभा राहिलो, काही बोलणार तेवढ्यात त्याची बायको पाहुण्यांना म्हणाली, "हे ते जपानवाले भाऊजी. यायनंच त्यायले तो बगीचा दाखवला होता, ते नेहमी सांगत." माफी मागायला उघडलेलं तोंड मी मिटलं आणि होकारार्थी मान हलवली.