पडद्यावरची हाक
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की जळगावच्या एमआयडीसीतली ती दुपार आठवते. माझा सहकारी अपघातात जाऊन आठवडा झाला होता आणि केळी पिकवायच्या खोलीचं तापमान सांभाळणारा, त्याने अर्धवट ठेवलेला कंट्रोलर मला पुरा करायचा होता. बोर्ड कॉम्प्युटरला जोडला, तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटत होती. दोघांचा माहिती पाठवायचा वेग जुळत नव्हता, म्हणून मी बोर्डाच्या सिरियल रजिस्टरमधला वेगाचा आकडा बदलला. लगेच सहकाऱ्याने चाचणीसाठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ओळ स्वच्छ दिसली, "भाऊ, जेवाले चाल." रोज दुपारी तो मला अशीच हाक मारायचा. मागे उभे असलेले मालक म्हणाले, "ते काढून टाका आता, गिऱ्हाईक थांबलंय." मी "हो" म्हणालो, ओळ पुसली आणि तिथे तापमान दाखवायची आज्ञा लिहिली. तेव्हा रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.