गडाच्या दाराबाहेर उभा दादा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कळंबला बाजारात होते. "वन्सं, ह्ये उठंनात..." एवढंच ती म्हणाली. दसरा होऊन महिनाही झाला नव्हता.

आमच्या गावामागच्या डोंगरावर एक पडका गड आहे. त्याला वेढा बहामनी काळात पडला की आदिलशाहीत, यावर गावात एकमत नाही. फितूर कोण, यावर मात्र आहे. गडावरची टाकी आटली आणि आमच्या पूर्वजानं आतून दरवाजा उघडला, म्हणे. म्हणून दसऱ्याला गाव सोनं लुटायला गडावर जातं, तेव्हा आमच्या घरचा पुरुष बाहेर थांबतो आणि सगळ्यांच्या शेवटी आत जातो. त्या दरवाजाला आता फळ्या नाहीत. शेजारचा तट ढासळलाय, शेळ्या खुशाल आतबाहेर करतात. पण जन्मभर पोरांना इतिहास शिकवलेला माझा भाऊ तिथं हात बांधून उभा राहायचा... मला संताप यायचा. "कशाला जातोस रे?" विचारलं तर म्हणायचा, "न्हाय गेलो तर म्हणतील, पळाला." पुरावा शोधत तो पार हैदराबादपर्यंत जुने कागद चाळून आला. हाती काही लागलं नाही. "आत तान्ही लेकरं पाण्यावाचून मरत असतील की गं. त्यासाठी उघडलं असंल दार." गावानं हे एकदा तरी म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

गेल्या दसऱ्याला मी सोबत होते. चढतानाच त्याला धाप लागली. दरवाजाशी येऊन म्हणाला, "आवंदा मला आधी जाऊन बसू द्या. दम न्हाय ऱ्हायला." मग एक म्हातारे मायेनं म्हणाले, "मास्तर, रीत हाय. जरा कळ काढा." दादा बाहेरच दगडावर टेकला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच मला सोसत नाही.

घराचं दार मात्र तो कधी लावू द्यायचा नाही. "दार उघडणाऱ्याचं घर म्हणतेत न्हवं? मग असू द्या उघडंच." तो गेला त्या दिवशी गाव अंगणात जमलं आणि उंबऱ्याशी थबकलं. आधी आत कोण जाणार, कुणाला कळेना. वहिनीच म्हणाली, "या की... इथं कसली रीत न्हाय."

दादाला मूलबाळ नाही. पुढच्या दसऱ्याला बाहेर थांबायला आमच्या घरचं कुणी नसेल. सुटलो म्हणावं, तर ज्याला सुटायचं होतं तोच नाही. परवा दादाच्या घरी दिवेलागणीला वारा सुटला म्हणून मी दार लावायला उठले. कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिले... मला ते लावता आलं नाही.