पंखा मिळाला, हॉर्न गेला

मित्रहो, घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आज पहाटे हिच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला. रत्नागिरीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "लगेच आणा, उशीर झाला तर नजर जाईल." पूर्णगडाहून गाडी काढली. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायलाच हवा, तोही फिरेना.

सलीम मेकॅनिकला फोन लावला.

"काका, पहिली गाडी बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका हां! फ्यूज बघा."

फ्यूज शाबूत होता.

"मग पंखा चालू करणारा रिले गेला. शेजारी तशीच काळी डबी हॉर्नची आहे, ती काढून तिथे लावा."

इंजिन निवेपर्यंत थांबलो. ही डोळा झाकून बसलेली. डबी बदलून गाडी चालू केली आणि पंखा घरघरला. पण आता हॉर्न नाही, आणि पुढे समोरचं काही न दिसणारी वळणं.

"तुमच्या त्या शाळेतल्या कविता म्हणा की," ही म्हणाली. "मोठ्याने!"

चाळीस वर्षं "पुरे" म्हणत आली, ती ही! प्रत्येक वळणावर काच खाली करून मी कविता ओरडत आलो. एक दुचाकीवाला खरंच थांबला.

आत्ता ऑपरेशन थिएटरबाहेर बसलोय. नजर राहील का, कोणी सांगत नाही. पट्टी सुटेपर्यंत तिला ऐकवायला काहीतरी हवं, आणि माझ्या कविता वळणांवरच संपल्या. तुम्हाला एखादी पाठ असेल तर खाली लिहाल का?