तवा घेऊन माहेरी आलेली नूतन

रोह्याच्या एसटीतून नूतन उतरली तेव्हा तिच्या एका हातात भाचीसाठी घेतलेली साडी होती आणि दुसऱ्या हातात तवा. तवा फडक्यात बांधला होता, पण फडक्यातला तवा लपतो होय? नाक्यावर मालूकाकी कोलंबी विकत बसली होती. तिने तो बरोबर हेरला.

"काय गो नूतन, नवऱ्याने हाकलली की काय? संसारच उचलून आणलास!"

"नाय गो काकी. प्रतिक्षाच्या हळदीला आलेय."

"मग तवा आहेर करतेस काय?"

नूतन दात आवळून हसली. दोन वर्षं ती असंच हसत होती. दुसरं करणार काय?

तिला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. पोटात गेला की आतडी सोलून निघतात. लग्न होऊन रोह्याला गेल्यापासून ती वाळतच चालली होती. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं सासू जेवायला घालत नसेल. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी शोधून काढलं. सीलिअॅक म्हणतात त्या दुखण्याला. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद, कणभरसुद्धा नाही. "कणभराने काय व्हतंय?" जनूमामाने लगेच विचारलं होतं. मामाने दारूही अशीच कणभर कणभर करून वाढवली, ते सोडा.

आता या भाताच्या मुलखात गहू बंद झाला म्हणून काय आभाळ कोसळतं? तिच्या आईला, हौसाबायला, उलट आनंद झाला. "बरंच झालं! तांदळाची भाकर खा, म्हावरं खा, तुला कोण अडवतोय?" पण म्हावरं तळताना वर रवा लावतात, तांदूळ दळायच्या आधी गिरणीत कुणाचे तरी गहू भरडलेले असतात, आणि हिंगाच्या डबीत हिंगापेक्षा पीठच जास्त असतं. ही अक्कल नूतनला पोटाने शिकवली, तीही एकेक धडा वेगळा, फी भरून.

गेल्या गणपतीत तिने सगळं सांभाळलं होतं. पुरीला हात लावला नाही, तळलेला मोदक चाखला नाही, शिऱ्याच्या ताटाकडे पाठ करून बसली. तरी चार दिवस आडवी. गौरी आल्या, नाचल्या, गेल्या. नूतनची वाट खाटेपासून मोरीपर्यंत. सगळ्या घराने आपापली मतं दिली. प्रतिक्षाची आई मैनावहिनी म्हणाली, "जास्त जपतेस, म्हणून होतंय."

म्हणून या खेपेला नूतन तवा घेऊन आली होती. आणि पिशवीत कढई. आणि स्वतःचा झारा. प्रतिक्षाने फोनवर बजावलं होतं, "आत्या, पहिली हळद तूच लावायचीस. तू आडवी झालीस तर मी पाटावर बसणारच नाय!" हळद परवा संध्याकाळी होती. तोवर नूतनला पायावर उभं राहायचं होतं, बस. एवढंच मागणं, पण आमच्या गावात तेवढंच महाग.

सकाळी गिरण उघडायच्या आधीच ती दारात हजर. हळदीच्या वड्यांचं दळण होतं. "दत्तात्रेय, आधी हे दोन किलो तांदूळ नुसते टाक. ते पीठ कोंबड्यांना. मग आमचं दळण."

"ताई, जात्याला आंघोळ घालतात हे आज पयल्यांदा ऐकलं," दत्तात्रेय म्हणाला. मागे रांगेत उभ्या बाया खुसखुसल्या. "साबण पण लावू काय?"

नूतनने ऐकून घेतलं. पीठ घेऊन घरी आली आणि डबा मैनेच्या हातात देताना पुन्हा विचारलं, "वहिनी, तांदूळ, उडीद, धणे, मेथी. आणखी काय नाय ना?"

"काय नाय गो! किती वेळा विचारशील? मी काय तुला विष घालतेय?"

मैनावहिनीचे वडे म्हणजे आमच्या गावात शेवटचा शब्द. टम्म फुगतात आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. पंधरा वर्षं मालूकाकी कृती विचारतेय आणि पंधरा वर्षं मैना सांगतेय, "हाताचा गुण." पीठ मळताना ती दार लावून घेते. मळताना बघितलं तर वडा फुगत नाही, असं तिचं म्हणणं. आजही तिने दार लावलं. एवढी तपासणी करणारी नूतन त्या दारापुढे मात्र गप्प बसली. वड्याचा शकुन कोण मोडणार?

दुपारी मागच्या अंगणात चूल पेटली. नूतनची कढई, नवं तेल, तिचाच झारा. मालूकाकीसकट बाया पानावर वडे थापत होत्या. पहिला वडा तेलात पडला, तो फुग्यासारखा वर आला.

"घे गो, पयला तुझा," हौसाबाय लेकीला म्हणाली. "बिचारी सकाळपासून काळ्या चहावर हाय."

नूतनने वडा हातात घेतला, फुंकर मारली. "वहिनी, खरं सांगू? गणपतीत कशाने बाधलं ते अजून कळलं नाय. तुझे वडे तेवढे विश्वासाने खाल्ले होते. चार खाल्ले."

मैनेचा झारा हवेतच थांबला. ती पुढे झाली आणि नूतनच्या हातातला वडा ओढून तिने सरळ चुलीत टाकला.

मग नूतन फुटली. दोन वर्षांचं एकदम.

"एक वडा! या घरात मला एक वडा पण सुखाने खायचा नाय? तवा घेऊन फिरते तर हसता, विचारलं तर चिडता, आजारी पडले तर म्हणता नाटक! नको ना मी? तसं सांगा, जाते रोह्याला!"

"त्यात गहू हाय," मैना म्हणाली.

"काय?"

"गव्हाचं पीठ. मळताना घालते. एक मूठ." मैनेने पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, डॉक्टरने चपात्या बंद केल्यात. पाच किलोत मुठीचं काय एवढं! गणपतीत... ते माझ्यामुळे झालं गो."

नूतनला रडावं की ओरडावं कळेना. सगळं गाव संशयात धरलं, जात्याला आंघोळ घातली, आणि गहू निघाला वहिनीच्या मुठीत! पण तिच्याआधी मालूकाकीच ओरडली. "गव्हाचं पीठ! आणि पंधरा वर्षं आम्हाला हाताचा गुण सांगत होतीस?"

उरलेल्या पिठाचा नवा गोळा मळला तो भर अंगणात. कढई घासली, तेल बदललं. नूतनचे वडे फुगले नाहीत. खापरीसारखे पडले, कडक. तिने ते कोंबडीच्या रश्शात बुडवून रागारागाने खाल्ले, कुणाशी न बोलता.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा पाटावर बसली आणि पहिली हळद आत्यानेच लावली, स्वतःच्या पायांवर उभं राहून. हळद लागते न लागते तोच जनूमामाची बायको शिऱ्याचा घास घेऊन धावली. "तोंड गोड कर गो आत्याबाई!"

नूतनचं डोकं पुन्हा सणकलं. आता हिलाही पहिल्यापासून सांगायचं! ती तोंड उघडणार, तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून मैनेचा आवाज आला, बेंजोच्याही वर. "ए मामी! तिच्या तोंडात काय घालायचं नाय! मला विचारल्याशिवाय काय पण नाय!"

अख्खा मांडव वळून बघायला लागला. नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हळदीचे हात तसेच धरले आणि मैनेकडे रागाने बघितलं. पण घास मागे गेला होता.

आता गावातल्या प्रत्येक घरात वड्यात गव्हाची मूठ पडते आणि मैनेला कुणी विचारत नाही. तिने कपाटावर एक डबा ठेवलाय, वर खडूने 'नूतन' लिहिलंय. आत तवा. तो रोह्याला परत गेलाच नाही.