निजेत पाजलेले औषध

देवाच्या कृपेविषयी लिहावे ते वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या माणसांनी. मी अजून कॉलेजात शिकतो आहे, आणि तेही आमच्या घरातला पहिलाच. वडील लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला आहेत. आईला शुभवर्तमान अक्षराला अक्षर लावून वाचता येते, तेवढेच. म्हणून हे लिहायला बसून मी एकदोनदा उठलोही. लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. पण जे मिळाले ते गप्प राहून पचवणे मला बरे वाटेना.

माझा बाप्तिस्मा मी तान्हा असताना झाला. माझ्याआधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली होती. मी जगलो, म्हणून आईने मला हातांवर घेऊन पाळकसाहेबांपुढे उभे राहून देवाला दिले. ही हकीकत तिने इतक्या वेळा सांगितली होती की ती मला स्वतःला आठवते असेच मी धरून चाललो होतो. पुण्याला वसतिगृहात शांतवन भेटला. माझ्या वरच्या वर्गात, प्रार्थनेत खरा, बोलण्यात धारदार. त्याच्या मंडळीत तान्ह्यांना बाप्तिस्मा देत नाहीत. जो स्वतः समजून विश्वास ठेवतो, त्यालाच नदीच्या पाण्यात बुडवून देतात. एके दिवशी तो मला म्हणाला, "तुला बाप्तिस्मा दिलाय रे, तू तो घेतलेला नाहीस. निजेत पाजलेल्या औषधाला काय विश्वास म्हणायचं?"

ते वाक्य रुतून बसले. मी नवा करार पुन्हा वाचू लागलो आणि जितका वाचला तितका अस्वस्थ झालो. आपण देवाला कधी स्वतःच्या तोंडाने हो म्हटले आहे का, हे मला खरेच सांगता येईना. शेवटी असे ठरले की दिवाळीच्या सुटीत, कुसगावच्या पुढे इंद्रायणीच्या डोहात, शांतवनच्या पाळकांच्या हातून मी बाप्तिस्मा घ्यावा. आमच्या मंडळीतल्या वडीलजनांनी बजावले की बाप्तिस्मा एकदाच असतो. दुसरा घेतलास तर प्रभुभोजनाला आमच्या पंगतीत तुला जागा नाही. आमचे पाळकसाहेब तेवढे काही बोलले नाहीत. ते रागावले आहेत असे मी समजलो. आदल्या संध्याकाळी मी आईला सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मग मी तुला घेऊन हुबी व्हते, ते काय व्हतं रे?"



तरी सकाळी निघालो. अंगात कणकण होती. ती मनाची भीती असेल म्हणून मी चालत राहिलो. कुसगावच्या अलीकडे खाचरांच्या बांधावर हुडहुडी भरून आली, दात वाजू लागले आणि मी खाली बसलो. पुढचे मला आठवत नाही. शुद्ध आली ती एका शेतकऱ्याच्या पडवीत, घोंगडीखाली. भात कापायला निघालेल्या एका मावशीने मला बांधावर पडलेला पाहिला आणि नवऱ्याच्या मदतीने घरी आणले. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, काही विचारले नाही. मी उठू लागलो, नदीवर बाप्तिस्मा आहे म्हणालो. तिला एवढेच कळले की ह्याला पाण्यात बुडी मारायची आहे.

"आंगुळीला? ह्या तापात? गप पड. नदी कुटं पळून जात न्हाई."

देवाचे काम आहे, मी म्हणालो.

"मंग द्येव थांबंल की. त्याला कुटं भात कापायचाय?"

सकाळपासून तिने मला गुळवेलीचा काढा पाजला होता. मला एक घोटही आठवत नव्हता. तसे म्हटल्यावर ती हसायलाच लागली. "तोंड उघडंना, तवा ह्यांनी जबडा धरला आन् मी वतला. लय शिव्या दिल्यास आमाला."

दिवस कलताना घाम फुटून ताप उतरला. मी घर सांगितल्यावर तिच्या नवऱ्याने लोणावळ्याला जाऊन निरोप पोचवला होता; आईवडील बैलगाडी घेऊन आले. आईने कपाळावर हात ठेवला. 

पुढे दवाखान्यातले क्विनाइनही घेतले, तेव्हा सगळे श्रेय काढ्याला देता येणार नाही. त्यावरून मंडळीमंडळीतला वाद मिटतो असेही मी म्हणत नाही. काढा वेगळा, बाप्तिस्मा वेगळा. पण त्या पडवीत पडल्यापडल्या मला प्रथमच हलके वाटले. ज्यांना मी शिव्या दिल्या त्यांनी मला उचलले, पाजले, पांघरले, आणि मी हो म्हणण्याची वाट पाहिली नाही. तसेच हात माझ्या जन्मापासून माझ्याखाली असतील, तर आपला विश्वास पुरेसा पिकला की नाही हे रोज दाबून पाहण्याची गरज उरत नाही. मी अजून डोहात उतरलेलो नाही. एखादे दिवशी उतरेनही. आता उतरलो तरी देव मिळावा म्हणून उतरणार नाही. त्या माउलीचे, माझ्या आईचे आणि सर्वांना उचलून घेणाऱ्या प्रभूचे उपकार मी एकाच प्रार्थनेत मानतो.

हे लिहायला कारण मागच्या आठवड्यात झाले. आमचे पाळकसाहेब सेवेतून निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. आता सांगायला हरकत नाही, असे म्हणून शांतवनने मला सांगितले की त्या सकाळी मी डोहावर पोचलो नाही, पण पाळकसाहेब पोचले होते. आईकडून त्यांना जागा कळली होती. काठावर, इतरांपासून जरा दूर, हातात कोरडे धोतर आणि स्वतःची शाल घेऊन ते ऊन चढेपर्यंत माझी वाट पाहत होते. "मी आलो होतो हे त्याला सांगू नका. भिडेखातर त्याने काही करू नये आणि काही सोडूही नये," एवढेच ते निघताना म्हणाले. शांतवनने त्यांना विचारले होते, "म्हणजे हा बाप्तिस्मा आपल्याला मान्य आहे?"

"नाही," ते म्हणाले. "पण पाणी गार आहे."