कोपरा कोणी शिकवला?

मी बी. ए. झालो तेव्हा आमच्या पटव्याच्या घराण्यात सही करता येणारा दुसरा माणूस नव्हता. हे मी मिरवून सांगतो. आणि कॉलेजात जाण्याआधी मी बायकांत बसून लेस विणत होतो, हेही तितकंच मिरवून सांगतो.

कापसाच्या तेजीचे दिवस होते. अमरावतीत गोऱ्या व्यापाऱ्यांची रीघ लागली होती, आणि त्यांतल्या एकाची मडम राजापेठेतल्या आमच्या गल्लीतल्या सहा-सात बायकांना लेस शिकवीत असे. मांडीपुढं गवत ठासून भरलेली उशी, तिच्यावर भोकं पाडलेला कागद, भोकांत टाचण्या, आणि प्रत्येक सुताच्या टोकाला एक लाकडी कांडी. कांड्या जोडीजोडीनं एकमेकींवरून टाकत गेलं की टाचण्यांभोवती जाळी उतरते. आमचं घर करगोटे नि गोंडे वळणारं. मायचा हात पहिल्याच आठवड्यात बसला.

रुमालाच्या काठाची सरळ पट्टी सगळ्याच विणत. रुमालाचा कोपरा आला की मात्र पट्टी कापून सुईनं जोडत. मायनं मडमेचा एक जुना रुमाल उलटापालटा करून, पट्टी न कापता कोपरा वळवायची युक्ती एकटीनं शोधली आणि कोणाला सांगितली नाही. कारण मडम अकोल्याला नवा वर्ग काढणार होती, आणि आमच्यातली एक बाई तिथं शिकवायला पाठवणार होती. मायला ती जागा हवी होती. इतकं हवंसं तिला दुसरं काही वाटलेलं मी पाहिलं नाही. दार लोटून, दाराकडं पाठ करून ती काम करी. समोर माझी विधवा आत्या, कांड्यांवर सूत भरायला. मायच्या पाठीमागं मी, माझ्या उशीवर.

आणि एका सकाळी शेजारची माळीण वर्गात रुमाल घेऊन आली. चारही कोपरे अखंड वळलेले!

"कोनी सांगतलं तिले?" घरी येताच माय माझ्यावर धावली. "तू तं नाही?"

"मी काहून सांगू?"

"फुकटचे बोरं खातं ना तिच्या घरचे!"

त्या दिवसापासून घरात कोणी खोकलं तरी माय वळून पाही. दाराच्या फटी तिनं शेणामातीनं बुजवल्या. कासारीण बांगड्या भरायला आली, तिला ओसरीवरूनच वाटेला लावलं. शेवटी तिनं माळणीलाच गाठलं.

"काय वो माळीनबाई, गुरू कोन केला?"

"गुरू कायले लागते? गजरे गुंफतो आमी. अक्कल काय पटव्याच्याच घरी वाटली देवानं?"

मी तिच्याकडून रुमाल मागून घेतला. पटव्याच्या पोराला आधी पीळ दिसतो. सरळ पट्टीत डावी कांडी उजवीवरून गेलेली होती, मडमेनं शिकवली तशी. कोपऱ्यात मात्र सगळं उलट, उजवी डावीवरून. म्हणजे कोपरा तिला शिकवणाऱ्यानं मायचे हात समोरून पाहिले होते आणि दिसले तसे उचलले होते. फटीतून पाहणाऱ्याला मायची पाठ दिसली असती. समोर एकच माणूस बसत होतं.

मी मायला सांगितलं. तिनं माझ्यादेखत आत्याला विचारलं.

"हो, म्याच सांगतलं," आत्या सूत भरता भरता म्हणाली.

"काहून?"

"तिनं इचारलं."

आत्यानं उशीला कधी हात लावलेला आम्ही कोणी पाहिला नव्हता. कुठं बसून शिकली, कोणत्या सुतावर, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मडमेनं माळणीचा रुमाल सगळ्यांसमोर धरला. "किसने सिखाया? जो दूसरे को सिखाता, वही अकोला जायेगा."

माळणीनं मायशेजारी कांड्या भरत बसलेल्या आत्याकडं पाहिलं. आत्यानं जमिनीकडं.

"हमने," माय म्हणाली.

माय खोटं बोलली. मला ठाऊक होतं, मी गप्प बसलो. दोन्ही गोष्टी साफ लिहितो. पुढं तिनं मडमेला गळ घातली, कांड्या भरायला नणंद सोबत हवी. मागं ठेवली तर ही तोंड उघडेल, हे खरं कारण. मडमेचा शब्द म्हणून बापही आडवा आला नाही.

आम्ही तिघं बैलगाडीनं निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडं कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला आणि आमची गाडी उन्हात उभी राहिली. दीड दिवस मायनं आत्याशी शब्द काढला नव्हता. आता काढला.

"मडमेसमोर काहून नाही बोलली तू?"

"बोलून का भेटलं असतं? मले एकटीले शिवेबाहेर कोन जाऊ देलं असतं? आता तूच घेऊन चालली."

माय तिच्याजवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. माळणीनं इचारलं, का तूच गेलती तिच्याकडं?"

आत्यानं पदर पुढं ओढला आणि गाडीवानाकडं तोंड केलं.

"काहो दादा, अकोला अजून किती लांब हाये?"